परकर : शिवणकामाचा पहिला धडा



उन्हाळा लागला आणि शाळा सकाळची झाली की जाड व घट्ट कपडे मुलींना नकोसे होतात. अशा दिवसांत सुती कापडाचा सैल परकर सुखाचा वाटतो. सूत घाम टिपते आणि घेरातून वारा खेळतो. शिवावयासही याहून सोपा कपडा नाही. त्याला बाही नाही, गळा नाही, काज-बटण नाही. साऱ्या शिवणी सरळ. म्हणून वरच्या प्राथमिक वर्गांत कार्यानुभवाच्या तासाला पहिला कपडा म्हणून परकर निवडणे योग्य ठरते. शिवणयंत्र असावेच असे नाही. सुई, दोरा, कात्री, मापाची फीत आणि जुनी वर्तमानपत्रे एवढ्यावर काम भागते.

मात्र सोपा म्हणून हा धडा हलका लेखू नये. पाटीवर चुकले तर पाटी पुसता येते; कापलेले कापड पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. शाळेत येणारे कापड बहुधा आईने पै-पैसा वाचवून घेतलेले असते. ते वाया गेले तर मुलीची उमेद खचते आणि घराचा शाळेवरील विश्वास डळमळतो. म्हणून या धड्याचे सूत्र एकच : कात्रीपूर्वी हिशेब.

हा हिशेब फळ्यावर मांडावा. मापे मुलींनी एकमेकींची घ्यावीत. कंबर ६० सें.मी. व परकराची लांबी ६५ सें.मी. धरावी. लांबीत वर नेफ्यासाठी ४ सें.मी. आणि खाली तुरपाईसाठी ८ सें.मी. मिळवावे, बेरीज ७७ होते. असे दोन तुकडे लागतात, म्हणजे १५४ सें.मी. कापड. नवे सुती कापड पहिल्या पाण्यात आटते. यासाठी १६५ सें.मी. आणावे, रात्रभर भिजवून वाळवावे आणि मगच मोजावे. वाळल्यावर पन्हा ९० सें.मी. भरला, तर दोन तुकड्यांचा घेर १८० होतो. दोन शिवणींत प्रत्येकी ३ सें.मी. गेले की १७४ उरतात. हा घेर कंबरेच्या जवळजवळ तिप्पट आहे. पातळ कापडाला तो शोभतो; जाड कापडाला दुपटीहून थोडा अधिक पुरे.

प्रथम वर्तमानपत्रे चिकटवून पुऱ्या मापाचे दोन कागदी तुकडे करावेत. पहिली चूक व्हावयाची ती कागदावर होऊ द्यावी. नंतर कापड पन्ह्याभर आडवे कापावे. असे केल्याने उभा धागा वरून खाली येतो, परकर नीट लोंबतो, आणि बाजूच्या शिवणी काठाशी आल्यामुळे सुते निसटत नाहीत.

आता सुलट बाजू आत ठेवून दोन्ही तुकडे जुळवावेत, काठापासून १.५ सें.मी. आत कच्चा धावदोरा घालावा व त्यावर उलट्या टिपेने पक्की शिवण करावी. एका बाजूला वरून ७ सें.मी. शिवण मोकळी सोडावी व तिच्या कडा दुमडून शिवाव्यात. नाडी येथून बाहेर येते. मग वरची कड आधी १ व नंतर ३ सें.मी. दुमडून नेफा शिवावा. खालची कड १ व ७ सें.मी. दुमडून तुरपाई घालावी. शेवटी कंबरेच्या दुप्पट लांबीची नाडी सेफ्टी पिनेने ओवावी. तळाची ही रुंद दुमड उधळपट्टी नव्हे. पुढील वर्षी मुलगी वाढली की तुरपाई उसवून तोच परकर लांबविता येतो.

एवढी काळजी घेऊनही चूक होते. एका शाळेत एका मुलीने नेफा व तुरपाई विसरून ६५ सें.मी.चेच दोन तुकडे कापले. चूक कळताच ती रडू लागली. बाईंनी तिला रागे न भरता साऱ्या वर्गास विचारले, ‘कापड किती उरले?’ धुतलेले कापड १५६ होते. त्यातून १३० गेले, २६ उरले. त्यांच्या पन्ह्याभर लांब, १३ सें.मी. रुंद अशा दोन पट्ट्या झाल्या. त्या खाली जोडल्या. ६५ व १३ मिळून ७८. जोडाच्या शिवणीत ३ गेले, ७५ राहिले. नेफ्याचे ४ व तुरपाईचे ६ वजा जाता बरोबर ६५! जोडावर मुलीने रंगीत धावदोरा घातला, आणि चुकीची शिवण नक्षी म्हणून मिरवू लागली. बेरीज-वजाबाकीचे मोल त्या वर्गाला त्या दिवशी जसे कळले, तसे पुस्तकातील उदाहरणांनी क्वचितच कळते.

हा विषय केवळ मुलींचा मानू नये. गावचा शिंपी बहुधा पुरुषच असतो. मुलांनी धाकट्या बहिणीचा परकर शिवावा, निदान फाटलेला सदरा तरी स्वतः सांधावा. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेने हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या मध्यभागी स्थान दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांना स्थानिक व्यवसायांची ओळख करून देण्यास सांगितले आहे. परंतु धोरण वर्गात उतरते ते शिक्षकाच्या हातूनच.

गुण देताना टाक्यांची सफाई शेवटी पाहावी. आधी पाहावे ते हे, की मुलाने मोजले का, मांडले का, आणि चुकलेले टाके न कंटाळता उसवून पुन्हा घातले का. वैशाखाच्या उन्हात आपल्या हातचा परकर नेसून एक मुलगी शाळेत आली आणि तिच्या आईने शेजारणीला तो कौतुकाने दाखविला, तर हा धडा कारणी लागला असे शिक्षकाने खुशाल समजावे.