दुःस्वप्नांचे वाङ्मय आणि समाजाची जागृती

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



‘युटोपिया’ म्हणजे आदर्श राज्याचे स्वप्न, तर ‘डिस्टोपिया’ म्हणजे त्या स्वप्नाचे झालेले दुःस्वप्न. राज्यसत्ता माणसाच्या घरातच नव्हे, तर मनातही शिरली म्हणजे काय होते, याचे चित्र रंगविणाऱ्या वाङ्मयाविषयी आज बोलावयाचे आहे.

या वाङ्मयाचा एक आद्य लेखक म्हणजे येवगेनी झाम्यातिन. तो स्वतः एकेकाळी बोल्शेविक होता. तरीही रशियन राज्यक्रांतीनंतर तीन-चार वर्षांतच त्याने ‘वुई’ ही कादंबरी लिहिली. तीत माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत, आणि घरांच्या भिंती काचेच्या आहेत. सोव्हिएत भूमीवर ही कादंबरी प्रसिद्ध होण्यास १९८८ साल उजाडावे लागले.

त्यानंतरचा मोठा लेखक जॉर्ज ऑर्वेल. त्याचा जन्म बिहारमधील मोतीहारीचा, १९०३ सालचा. तोही समाजवादीच होता. पण समाजवादाच्या नावाने रशियात जे चालले होते, त्याकडे त्याने डोळेझाक केली नाही. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘१९८४’ या कादंबरीचा नायक सत्य मंत्रालयात नोकरी करतो. त्याचे काम एकच: जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर सत्तेच्या सोयीप्रमाणे बदलणे. तेथील शांतता मंत्रालय युद्ध चालविते आणि प्रेम मंत्रालयात माणसांचा छळ होतो. भाषेतील शब्दही दरवर्षी कमी केले जातात. कारण शब्दच उरला नाही, तर विद्रोहाचा विचार तरी कशाच्या आधारे करावयाचा?

ही अतिशयोक्ती आहे काय? १९५३ साली सोव्हिएत गुप्त पोलिसांचा सर्वेसर्वा बेरिया सत्तेवरून फेकला गेला. त्यानंतर सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना नवी पाने पाठविण्यात आली. बेरियावरील पाने कापून त्या जागी ही चिकटवावीत, अशी सूचना सोबत होती. नव्या पानांवर बेरिंग समुद्राची माहिती होती! ऑर्वेल तेव्हा हयात नव्हता. त्याने रशिया कधी पाहिलाही नव्हता. तरी त्या व्यवस्थेचे अंतरंग त्याला इतके अचूक कसे कळले, याचे पूर्व युरोपातील त्याच्या वाचकांना नवल वाटे, असे पोलिश लेखक चेस्लाव मिवोश याने नोंदविले आहे.

आपल्यालाही या दुःस्वप्नाची झळ लागली आहे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी लादली गेली. वृत्तपत्रांवर नियंत्रणे आली. ‘मिसा’खाली हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले, संघावर बंदी आली आणि या दडपशाहीला नाव मिळाले ‘अनुशासन पर्व’! महाभारतातील एका पर्वाचे पवित्र नाव सत्तेच्या सेवेला जुंपले गेले. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी निर्भयपणे लेखनस्वातंत्र्याचा पुरस्कार केला आणि पुढे कारावासही पत्करला. शब्दाची किंमत जाणणारी व्यक्ती सत्तेला का खुपते, हे त्यातून दिसून आले.

मात्र एक गोष्ट विसरू नये. झाम्यातिन आणि ऑर्वेल यांचे मोठेपण शत्रूवर टीका करण्यात नाही. ज्या विचाराशी आपली बांधिलकी, त्याच्याच नावाने उभ्या राहिलेल्या सत्तेला त्यांनी कसोटीवर घासले, यात ते आहे. ही कसोटी केवळ प्रतिपक्षासाठी राखून ठेवता येत नाही. आणीबाणी भोगलेल्यांच्या वारसांवर तर तिची जबाबदारी अधिक आहे. सत्ता कोणाचीही असो, आपल्या आवडीची असो वा नावडीची, तिच्याविषयी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. शब्दांचे अर्थ उलटे होत आहेत काय? कालचा इतिहास आज गुपचूप बदलला जात आहे काय? शेजाऱ्याशी मोकळेपणाने बोलताना आवाज आपोआप खाली येतो काय?

हे प्रश्न विचारण्याची सवय ज्या समाजाला लागते, त्याला गुलाम करणे अवघड असते. ती सवय लावणारे हे ग्रंथ तरुणांच्या हाती पडावेत, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.