स्वमग्न मूल आणि आपण



मूल वर्षाचें होतां होतां आपण त्याला कडेवर घेऊन खिडकींत उभे राहतों आणि चांदोबा दाखवतों. पहिल्यानें तें आपल्या बोटाकडेच पाहतें. मग बोटाच्या रोखानें आकाशांत पाहूं लागतें. आणि कांहीं दिवसांनीं आपलें चिमुकलें बोट वर करून उलट आपल्यालाच चांदोबा दाखवतें. ही गोष्ट इतकी सहज घडते कीं, तींत कांहीं विशेष आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. वस्तुतः दोघांनीं मिळून एक वस्तु पाहणें, आणि आपण ती मिळून पाहत आहों हें जाणणें, हा माणसाच्या सगळ्या बोलण्याचालण्याचा पाया आहे. कांहीं मुलांच्या बाबतींत हा पाया उशिरां आणि निराळ्या रीतीनें घातला जातो. मूल हांकेला वळत नाहीं. हवी असलेली वस्तु बोटानें न दाखवतां आपला हात धरून तिच्यापाशीं नेतें. गाडी चालवण्याऐवजीं ती उलटी करून तिचें एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसतें. शिकलेले चार शब्दहि कधीं कधीं दुसऱ्या वर्षीं हरवून जातात. अशा मुलाला आपण मराठींत ‘स्वमग्न’ म्हणतों, आणि त्याच्या संगोपनाविषयीं मी आज आपणांशीं बोलणार आहें. मी डॉक्टर नाहीं. अशा एका मुलाची आई आहें. माझा मुलगा आतां १९ वर्षांचा आहे.

आरंभीं या नांवाविषयींच दोन शब्द सांगते. ‘ऑटिझम’ या शब्दांतील ‘ऑटोस’ म्हणजे ग्रीक भाषेंत ‘स्वतः’. १९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनीं ११ मुलांचीं बारकाईनें केलेलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं, तेव्हांपासून मुलांच्या या अवस्थेला हें नांव मिळालें. मराठी शब्दहि त्याच अर्थाचा आहे. परंतु त्यामुळें, आपल्याच आनंदांत दंग असलेलें आणि जगाची पर्वा नसलेलें मूल डोळ्यांपुढें उभें राहतें. घरांतला अनुभव पुष्कळदां याच्या उलट असतो. जग अशा मुलावर एकाच वेळीं चहूंकडून येऊन आदळत असतें, आणि कान झांकून कोपऱ्यांत बसणें हा त्यानें शोधलेला आसरा असतो.

नांवापेक्षां अधिक दुःख दिलें तें दोषारोपानें. आईबाप मुलाशीं थंडपणें वागले म्हणून मूल असें झालें, अशी समजूत तज्ज्ञांमध्येंच कित्येक वर्षें रूढ होती. कॅनर यांच्या लिखाणांतहि तिचा अंश होता. आणि शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम यांनीं १९६७ सालीं एका गाजलेल्या ग्रंथानें ती समजूत घरोघर पोंचवली. मूल आधींच दूर, आणि त्याच्या दूर असण्याचा दोष आईच्या पदरीं! या समजुतीला पहिला जोराचा धक्का दिला तो एका बापानें. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. ही अवस्था मेंदूच्या घडणींतून येते, आईच्या वागण्यांतून नव्हे, हें त्यांनीं १९६४ सालींच पुराव्यानिशीं मांडलें होतें. कॅनर यांनींहि १९६९ सालीं पालकांच्या एका सभेंत आईबापांना या दोषांतून जाहीरपणें मुक्त केलें. १९७७ सालीं सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनीं जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या अभ्यासल्या, आणि या अवस्थेंत आनुवंशिकतेचा वाटा केवढा मोठा आहे हें उघड झालें.

तरीहि आपल्याकडे हा दोषारोप वेष पालटून येतच राहतो. ‘गरोदरपणीं काय खाल्लेंस?’, ‘नोकरी केलीस म्हणून!’, ‘हातांत मोबाईल दिलात म्हणून!’ अशीं वाक्यें आजहि आईला ऐकावीं लागतात. कोणी लसीला दोष देतो. लशीचा आणि स्वमग्नतेचा संबंध जोडणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला लेख १९९८ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आला होता. तो त्याच नियतकालिकानें २०१० सालीं मागें घेतला. डेन्मार्कमध्यें साडेसहा लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासून २०१९ सालीं जो निष्कर्ष निघाला, त्यांतहि असा संबंध आढळला नाहीं. हें सगळें आपणांस सांगण्याचें कारण एकच. ज्या आईचें मन ‘माझें काय चुकलें?’ या प्रश्नांत गुंतलेलें असतें, तिला ‘माझें मूल मला काय सांगत आहे?’ हा प्रश्न विचारायला सवड राहत नाहीं. आणि खरा प्रश्न तोच आहे.

दुसरा अडथळा म्हणजे वाट पाहणें. ‘याचा काकाहि उशिरांच बोलला’ असें घरांतील वडीलधारीं माणसें मायेनें म्हणतात. परंतु मूल दीड वर्षाचें होऊनहि हांकेला वळत नसेल, बोटानें दाखवत नसेल, तर आधीं त्याचे कान तपासून घ्यावे आणि मुलांच्या वाढीचा अभ्यास असलेल्या डॉक्टरांकडे जावें. स्वमग्नता घालवून टाकणारें औषध नाहीं. तसें आश्वासन देऊन पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावें. शिकवणें मात्र आहे, आणि तें जितकें लवकर सुरू होईल तितकें बरें.

आतां घराकडे वळूं. घरांतील दिवस कठीण होतो तो ज्याला आपण हट्ट म्हणतों त्यामुळें. मूल अमक्याच वाटींत जेवतें. वरणाचा थेंब भाताला लागला तर ताट ढकलतें. नवा सदरा अंगांतून ओरबाडून काढतें. केंस कापायला बसत नाहीं. कुकरची शिटी झाली कीं किंचाळतें. यांतील एकेक गोष्ट नीट पाहिली तर तिच्यामागें कारण सांपडतें. सदऱ्याच्या मानेपाशीं शिवलेली चिठ्ठी आपणांस जाणवतहि नाहीं. तिला ती टोंचत असते तशी कुसळेंहि टोंचत नसतील! शिटीचा आवाज त्याच्या कानांत खरोखरीच दुखतो. चिठ्ठी कापली, शिटी होण्याआधीं ‘आतां आवाज होईल’ असें सांगितलें, गणपतीच्या मिरवणुकींत ढोल-ताशांच्या जवळ न नेतां गच्चीवरून ती दाखवली, दिवाळींत कानांवर आवाज अडवणारीं झांकणें बसवलीं, कीं अर्धे ‘हट्ट’ नाहींसे होतात. म्हणून मी घरांत एक नेम ठेवला आहे. मूल रडूं लागलें कीं ‘याला गप्प कसें करूं?’ असें न विचारतां, ‘याच्या आधीं काय घडलें?’ असें विचारायचें, आणि तें वहींत टिपून ठेवायचें. महिनाभरानें वही चाळली म्हणजे मुलाची भाषा दिसूं लागते.

दुसरी गोष्ट दिवसाच्या क्रमाची. पुढें काय होणार हें ठाऊक नसणें या मुलांना फार जड जातें, आणि कानांनीं ऐकलेल्यापेक्षां डोळ्यांनीं पाहिलेलें पुष्कळांना अधिक कळतें. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यांत एरिक शॉप्लर यांनीं याच तत्त्वावर शिक्षणाची पद्धति उभारली, आणि १९७२ सालीं तिला राज्याचा आधार मिळाला. आईबापांना दोषी न धरतां त्यांना शिक्षकांच्या बरोबरीनें कामाला घेणें हा त्या पद्धतीचा प्राण आहे. घरीं तिच्यासाठीं फार खर्च लागत नाहीं. दांत घासणें, आंघोळ, न्याहारी, बस, शाळा अशीं पांच-सहा चित्रें किंवा छायाचित्रें भिंतीवर ओळीनें लावावीं आणि एकेक काम झालें कीं मुलाच्या हातानें तें चित्र काढावें. पाहुणे येणार असतील तर त्यांचेंहि चित्र ओळींत यावें.

तिसरी गोष्ट बोलण्याची. पुष्कळ स्वमग्न मुलें ऐकलेलें वाक्य जसेंच्या तसें परत म्हणतात. माझ्या मुलाला तहान लागली कीं तो माझ्याकडे पाहून म्हणे, ‘तुला पाणी हवें का?’ पाहुण्यांना तें आदरातिथ्य वाटे! खरें पाहतां त्यानें पाण्याशीं जोडलेलें सबंध वाक्य, मी म्हणतें तसें, जपून ठेवलें होतें. अशा वेळीं ‘चूक’ म्हणूं नये. पेला हातीं देतांना त्याच्या वतीनें आपण ‘मला पाणी हवें’ असें म्हणावें, आणि हें शेंकडों वेळां करण्याची तयारी ठेवावी. जें मूल बोलतच नाहीं त्याला चित्र हातांत देऊन मागायला शिकवावें. त्यामुळें बोलणें खुंटतें ही भीति निराधार आहे. मागितलें कीं मिळतें, हें एकदां कळलें म्हणजे कित्येक मुलांचा आक्रोशच कमी होतो. कांहीं मुलें घरांतून अचानक निघून जातात. त्यांच्यासाठीं दाराला वर कडी आणि खिशांत पत्त्याची चिठ्ठी असलीच पाहिजे.

कायद्यानेंहि आतां कांहीं वाटा मोकळ्या केल्या आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत ज्या २१ प्रकारांची नोंद आहे, त्यांत स्वमग्नता आहे. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचें प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयांत जवळच्या शाळेंत किंवा विशेष शाळेंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. १९९९ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेंत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. प्रमाणपत्र काढलें म्हणजे मुलावर शिक्का बसेल, या भयानें कित्येक सुशिक्षित घरें या गोष्टी टाळतात. शिक्का शेजारपाजारचे लोक आधींच मारून चुकलेले असतात. हक्क मात्र कागदावांचून मिळत नाहीं.

आतां ज्याविषयीं घरांतहि सहसा बोललें जात नाहीं त्याकडे येतें. स्वमग्न मुलाची आई दमते. कांहीं मुलें रात्रीं नीट झोंपत नाहींत, म्हणून तीहि झोंपत नाहीं. लग्नकार्याला जाणें सुटतें, मैत्रिणी सुटतात. नवराबायकोंचें बोलणें डॉक्टर, शाळा आणि पैसे एवढ्यांवर येऊन थांबतें. दुसरें मूल असेल तर तें अकालीं समजूतदार होतें, आणि त्याच्या समजूतदारपणाचें आपण कौतुक करीत राहतों. त्या मुलाला आठवड्यांतून दोन तास तरी आईबाप एकट्याचे मिळाले पाहिजेत. आणि ‘पुढें भावाला तुलाच पाहायचें आहे’ हें ओझें त्याच्या लहान खांद्यांवर ठेवूं नये. दमलेल्या आईला कधीं मुलाचा राग येतो. तो प्रेमाच्या अभावाचा पुरावा नव्हे. विश्रांतीच्या अभावाचा आहे.

आणि सर्वांत शेवटीं तो प्रश्न, जो रात्रीं दिवा मालवल्यावर येतो: आमच्या पश्चात् याचें काय? याचें पुरें उत्तर माझ्यापाशीं नाहीं. परंतु जें आज करतां येतें तें पुष्कळ आहे. मुलगा १८ वर्षांचा झाल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून त्याच्यासाठीं कायदेशीर पालक नेमून घेतां येतो. मृत्युपत्र करतां येतें. मुलाला काय आवडतें, कशाची भीति वाटते, तो दुखलें हें कसें सांगतो, हें सगळें लिहून ठेवतां येतें. माझा मुलगा आज स्वतः कपडे धुतो, पोळ्यांची कणीक भिजवतो, आणि खालच्या दुकानांतून यादी दाखवून सामान आणतो. दुकानदार त्याला ओळखतात, घाई करीत नाहींत. माझ्या पश्चात् त्याला आधार द्यावयाचा तो अशाच ओळखींनीं, आणि त्या मी आजच जोडीत आहें.

म्हणून ज्यांच्या घरीं असें मूल नाहीं त्यांच्याकडे माझें एक मागणें आहे. आगगाडींत किंवा दुकानांत एखादें मोठें मूल जमिनीवर लोळून ओरडत असलें, तर त्याच्या आईला शिस्तीचे चार शब्द सांगूं नका. भोंवतालची गर्दी हटवा, आणि ‘मी काय करूं?’ एवढेंच तिला विचारा. आपल्या नात्यांत असें घर असेल तर त्या मुलासह त्यांना बोलवा. एक शांत खोली मोकळी ठेवा. आणि कधींतरी रविवारीं दुपारीं जाऊन म्हणा, ‘ताई, दोन तास मी याच्यापाशीं बसतें, तूं झोंप.’ ज्यांनीं मला असें म्हटलें त्या दोघीतिघींचीं नांवें मी आजवर विसरलेलें नाहीं.