कंपवाताचे रोगी आणि आपला धर्मग्राम
(ज्युबिली-सभेंतील भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशीं, या मंदिरांत येऊं न शकणाऱ्या कांहीं जणांकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों. कंपवात, ज्यास डॉक्टर पार्किन्सनचा आजार म्हणतात, तो बळावला म्हणजे मनुष्य घरांतच अडकतो. २००५ सालीं प्रभुघरीं गेलेले पोप दुसरे जॉन पॉल यांना या व्याधीनें कसें जखडलें होतें, तें सर्व जगानें पाहिलें. त्यांच्याभोंवतीं वैद्य होते. आपल्या झरी-जामणीकडच्या किंवा उमरखेडकडच्या रोग्याजवळ बहुधा एक थकलेली पत्नी किंवा सून असते.

यवतमाळास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु ज्याला खाटेवरून उठवत नाहीं, त्याला एस.टी.त कोण चढविणार? म्हणून अखेरच्या अवस्थेंत सेवेनेंच घरीं गेलें पाहिजे. आणि तिची आंखणी रोग्याला बोलतां येत आहे तोंवरच झाली पाहिजे. पुढें वाचा क्षीण होते, कित्येकांस भास होतात. मग त्याची इच्छा कोणाला विचारावी?

लेव्होडोपाची गोळी घड्याळ पाहून द्यावी लागते. उशीर झाला तर अंग लाकडासारखें ताठतें, व ती एकाएकीं बंद करणें जिवावर बेतूं शकतें. खाजकुइलीच्या बियांत हेंच द्रव्य असतें, हें खरें. पण म्हणून कोणीं त्या कुटून घेऊं नयेत, मात्रा कळत नाहीं.

सर्वांत मोठें भय गिळण्याचें. घास श्वासनलिकेंत जाऊन होणारा न्यूमोनिया पुष्कळांच्या मरणास कारण होतो. एकदां मीं एका वृद्ध शिक्षकांस ख्रिस्तप्रसाद दिला आणि त्यांना ठसका लागला. तो थांबेपर्यंत त्यांच्यापेक्षां माझ्याच हाताला अधिक कंप सुटला होता! ताठ बसवावें, हनुवटी किंचित् खालीं ठेवावी, हें मला त्यांच्या पत्नीनें शिकविलें. भाकर गिळवत नसेल त्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपानें ख्रिस्तप्रसाद देण्याची मुभा ख्रिस्तसभेच्या कायद्यांत आहे. पातळ पेयानेंही ठसका लागतो, म्हणून चमच्यानें थेंबभरच. हें ठाऊक असूनही मीं तोंवर कधीं आचरलें नव्हतें. तसेंच, आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगासाठीं शेवटच्या श्वासाची वाट पाहूं नका. दुखणें वाढल्यास तो पुन्हांही घेतां येतो.

ज्युबिलीच्या निधींतून प्रवेशद्वाराच्या कमानीआधीं, डोक्याची बाजू उचलतां येणारा एक पलंग व एक चाकांची खुर्ची घ्यावी, अशी माझी सूचना आहे. तीं लागेल त्या घरीं, धर्म न विचारतां, जावींत. कांहीं वडील मंडळींना कमान अधिक प्रिय आहे, हें मी जाणतों. त्यांनीं एकदां माझ्याबरोबर अशा घरीं यावें. आणि ज्यांना आठवड्यांतून दोन तास रोग्याजवळ बसतां येईल, त्यांनीं मिस्सेनंतर माझ्याकडे नांव द्यावें. तेवढ्या वेळांत घरची बाई निदान झोंप तरी घेईल.