सर्दीची पुण्याई



माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधूनच उठणाऱ्यांची सोय होईल. (हशा) लागण वेगळी आणि आजार वेगळा. जुन्या सर्दीची पुण्याई असलीच, तर ती कोविडच्या आजाराच्या वेळी कामी येते. लागण ती फारशी रोखत नाही.

विषाणू म्हणजे काय, ते आता तुम्हीच मला शिकवाल, म्हणून सोडतो. फक्त एवढं ध्यानात ठेवा : सर्दीचे बहुतेक विषाणू करोना नव्हेत. त्या घराण्यातले चारच आपल्याकडे नेमाने येतात : २२९ई, ओसी४३, एनएल६३, एचकेयू१. पुढच्या रांगेतले काका, धुळीच्या शिंका यात धरत नाहीत! (हशा)

आता सॅलिसबरी. इंग्लंडातल्या या गावाजवळ १९४६ पासून १९९० पर्यंत सर्दीचं संशोधन केंद्र होतं, युद्धकाळातल्या इस्पितळाच्या बराकींत. धडधाकट माणसांना आमंत्रण असे : दहा दिवस फुकट राहा, जेवा, वर हातखर्च घ्या आणि नाकात थेंब सोडू द्या. थेंबात विषाणू की नुसतं मिठाचं पाणी, ते सांगत नसत. दोघा-तिघांचं बिऱ्हाड, जेवण दाराबाहेर ठेवलेलं. फिरायला मोकळीक, पण परक्या माणसाजवळ जायचं नाही. विद्यार्थी परीक्षेचा अभ्यास घेऊन येत, काही जोडपी चक्क मधुचंद्राला! वापरलेले कागदी रुमाल मोजायची पद्धत होती, आणि ते मोजणारा... अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, रुमाल राहू द्या.

तिथला १९९० साली छापलेला प्रयोग ऐका. १५ जणांच्या नाकात २२९ई सोडला, १० जणांना लागण झाली. वर्षानं त्यांतल्या ९ जणांना पुन्हा तोच विषाणू दिला. ६ जणांच्या नाकात तो पुन्हा वाढला. सर्दी? एकालाही नाही.

'पण हा तोच विषाणू, कोविड तर चुलत भाऊ,' असं मागून कुणी म्हणतंय. रास्त आहे. २०२० साली कॅलिफोर्नियात ला होया इथं साथीआधीचं साठवलेलं रक्त तपासलं, तर निम्म्याच्या आसपास नमुन्यांत नव्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी, निघाल्या. बॉस्टनच्या नोंदींत आधी सर्दीचा करोना सापडलेल्यांनाही कोविड इतरांइतकाच झाला, पण दाखल झालेल्यांत अतिदक्षता विभागात जाणारे आणि दगावणारे कमी. तुम्ही पकडण्याआधी सांगतो, लंडनचा २०२२ चा अभ्यास माझ्या म्हणण्याला छेद देतो. रुग्णासोबत राहूनही लागण न झालेल्यांत अशा टी-पेशी जास्त होत्या. पण माणसं होती अवघी ५२. तेवढ्यावर मी मत बदलत नाही. (हशा) उलट फिलाडेल्फियात सर्दीच्या जुन्या अँटिबॉडींचा कोविडविरुद्ध काही उपयोग दिसला नाही. तिथं अँटिबॉडीच मोजत बसले, टी-पेशींना कुणी विचारलं नाही, हीच माझी तक्रार!

घंटा झाली. एक चिठ्ठी राहिलीय : 'मग मुद्दाम सर्दी करून घ्यावी का?' अहो, चार-पाच सर्द्यांमागे एखादीच करोनाची, आणि ती कोणती हे नाकाला कळत नाही. लस घ्या. बाकीचे प्रश्न बाहेर चहाला.