वर्गणीतला ओल्या कचऱ्याचा वाटा


भानपूरची खंती बंद झाली. आता भोपाळचा कचरा आदमपूर छावनीला जातो. ढिगाऱ्याखाली दबलेले अन्न आणि निर्माल्य हवेविना कुजून मिथेन वायू तयार होतो. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. ढिगाऱ्याला आग लागली की धूर सोसावा लागतो तो आसपासच्या गावांना.

शेजारच्या इंदूरमध्ये २०२२ साली रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्रकल्प सुरू झाला. त्यात खासगी भांडवल आले आणि तो चालतो, कारण तिथे कचरा घरातूनच वेगळा होऊन येतो.

आपण वर्गणीतून मांडव, रोषणाई, महाप्रसाद करतो. उष्ट्याची सोय मात्र महापालिकेवर सोडतो. म्हणून आमची सूचना आहे : यंदापासून वर्गणीचा थोडा वाटा खतासाठी राखावा आणि तो जमाखर्चात वेगळा दाखवावा. फुले, अन्न, पत्रावळी एकीकडे, प्लास्टिक दुसरीकडे. भोके पाडलेली पिंपे आणि सुकी पाने एवढ्यावर काम भागते. दोन-तीन महिन्यांत खत होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेच वाण म्हणून देऊ या.

गणपती बाप्पा मोरया!