वेळेवर दिलेला खो
(सुवर्णमहोत्सवी युवक मेळाव्यातील भाषण)





पन्नास वर्षांच्या वाटचालीकडे कृतज्ञतेने पाहण्याचा हा प्रसंग आहे. त्याचबरोबर पुढची फळी कोठे घडते आहे, याचाही विचार या निमित्ताने व्हावा. नेतृत्व भाषणांतून येते, असा एक समज आहे. माझ्या मते त्याची पहिली शाळा मैदान होय, आणि त्या बाबतीत आपले वऱ्हाड भाग्यवान आहे.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना वैद्य बंधूंनी १९१४ साली केली. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर सादर केली. देश पारतंत्र्यात असताना एका जिल्ह्याच्या गावातील आखाड्याने ही झेप घेतली, ती तरुणांवर विश्वास टाकूनच.

खो-खोचेच पाहा. पारंपरिक नियमांनुसार आठ गडी मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, मनात येईल तेव्हा मागेही वळता येत नाही. पळणारा गडी पलीकडे निसटला, की कितीही वेगवान खेळाडू असला तरी त्याचा वेग निरुपयोगी ठरतो. अशा वेळी त्याने, ज्याचे तोंड त्या बाजूला आहे अशा सहकाऱ्याला पाठीमागून खो द्यायचा असतो. बसलेल्यानेही खो मिळण्यापूर्वी उठायचे नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खो देणारा मैदान सोडून जात नाही. तो त्याच जागी बसतो आणि पुढच्या खोसाठी सज्ज राहतो. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या महिला व पुरुष अशा दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, ही आपल्या अभिमानाची गोष्ट.

कबड्डी आणखी एक धडा देते. बाद झालेला गडी बाहेर बसतो, पण साथीदारांनी प्रतिस्पर्धी गडी बाद केला की क्रमाने पुन्हा आत येतो. एका चुकीने कोणी कायमचा बाद होत नाही. नव्या कार्यकर्त्याचा पहिला हिशेब चुकला, तर आपण त्याला पुन्हा आत घेतो का?

अकोल्याचा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे एकोणीस वर्षांखालील संघात बसणाऱ्या वयाचा होता, तेव्हा विदर्भाने त्याला प्रथम श्रेणीतील पदार्पणाची संधी थेट रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात दिली. २९ डिसेंबर २०१७ रोजी इंदूरला सुरू झालेला तो सामना जिंकून विदर्भाने प्रथमच करंडक मिळविला. अमरावतीच्या जितेश शर्माने २७ मे २०२५ रोजी लखनऊ येथे बंगळूरू संघाचे नेतृत्व करताना ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढल्या. पुढच्याच सामन्यात नेतृत्व पुन्हा रजत पाटीदारकडे गेले, जितेश त्याच्या हाताखाली खेळला आणि ३ जूनला संघ विजेता ठरला. जबाबदारी आली की पेलायची आणि वेळ झाली की सन्मानाने परत करायची, हे दोन्ही गुण नेत्याच्या अंगी असावे लागतात.

आता आपल्या घराकडे वळू. दहावीचे वर्ष आले, की आपण मुलाला, आणि मुलीला तर त्याच्याही आधी, मैदानावरून उठवून शिकवणी वर्गात बसवितो. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम असणाऱ्या घरांना संध्याकाळचा सराव अडचणीचा होतो, हेही खरे. पण वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पहाटेचा सराव तसाही हितकारक. नियमही पाळला जाईल आणि खेळही. ट्रस्टने सकाळच्या सरावाची व्यवस्था मनावर घ्यावी, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती ज्येष्ठांना. उत्सवात पाट मांडणे, पाणी देणे ही कामे आपण युवकांना देतो. निर्णय आणि हिशेब मात्र स्वतःकडे ठेवतो. एखादा उपक्रम पैशांच्या तरतुदीसह संपूर्णपणे त्यांच्या हाती द्यावा. ज्या बाजूला आपले पाय आता पोहोचत नाहीत, त्या बाजूला या मुलामुलींची तोंडे आहेत. खो देऊन आपण बाहेर जायचे नाही; पाटीवर त्यांच्या शेजारीच बसायचे आहे, अनुभव घेऊन, सावधपणे.

आणि युवक मित्रांनो, खो मिळेपर्यंत बसणे म्हणजे झोपणे नव्हे. बसलेल्या गड्याची नजर सतत पळणाऱ्यावर असते. संस्थेचे काम, तिची घटना, तिचे हिशेब आजच समजून घ्या. हाक आली की उठायला क्षणाचाही विलंब होता कामा नये.