एकाच छपराखाली करडं आणि पिल्लं

परसात जागा थोडी आणि शेळीची करडं, कोंबडीची पिल्लं एकाच हंगामात आली, तर काय करायचं? छप्पर एकच चालेल, पण खाणं आणि झोपणं वेगळं हवं.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती साधारण ३ अंशांनी कमी करत न्या. पिल्लं दिव्याखाली दाटीनं गोळा झाली, तर त्यांना थंडी वाजतेय. चोच उघडी टाकून कडेला पांगली, तर दिवा थोडा वर घ्या. पुरती पिसं फुटेपर्यंत त्यांना करडांत सोडू नका. उड्या मारणाऱ्या करडाच्या खुराखाली पिल्लू सहज चिरडतं.

नंतर दिवसा दोघांना एका अंगणात सोडता येतं. मात्र पिल्लांचं खाद्य जाळीआड ठेवा. जाळीची फट पिल्लू आत जाईल, पण करडाचं डोकं शिरणार नाही इतकीच ठेवा. कारण भरडलेलं धान्य करडानं अधाशासारखं खाल्लं, तर पोट फुगतं, आंत्रविषारही होऊ शकतो.

करडांचा चारा गव्हाणीत किंवा टांगून द्या, म्हणजे त्यात कोंबड्यांची विष्ठा पडणार नाही. पाण्याचं भांडं उथळ असावं. जमिनीवर भाताचा तूस पसरा आणि ओला झाला की लगेच बदला. ओलीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. रात्री मुंगूस, मांजर शिरणार नाही, अशी खुराड्याची कडी लावा. लसीकरणाचं वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून आधीच घेऊन ठेवा.